कंपीचे कान

नादकाट्याच्या दांड्यावर दातांच्या खुणा आहेत — बारीक, अर्धगोल, दुधाच्या दातांच्या... पोलादावर दात उमटत नाहीत हे तिला कुणी सांगायला नको, शाळेत पदार्थविज्ञान शिकवण्यात बावीस वर्षं गेली. दांड्यावर तेव्हा रबराची नळी चढवली होती, खुणा त्या रबरावर आहेत, आणि रबर आता वाळून इतकं कडक झालंय की निघता निघत नाही. सकाळपासून तिने तो काटा कागद उडू नयेत म्हणून मेजावर ठेवलाय. खालचा कागद कोरा आहे. म्हणजे वर एक ओळ आहे, 'कंपी मला कशी सापडली', पण ती ओळ संपादकाची.

संपादकाचा फोन आठ वाजताच येऊन गेला. "ताई, दोनच पानं. संध्याकाळपर्यंत. पाचही भाग एका संचात येतायत, पुढे तुमचं मनोगत हवंच. आणि वाचकांच्या डोळ्यांत थोडं पाणी येऊ द्या, काय?" पाणी म्हणे. नळ आहे का मी? चौकडीच्या गोष्टींवर वाढलेली मुलं आता आपापल्या मुलांना त्या वाचून दाखवतात: चुंबक्या, ज्याच्या बोटांमागे लोखंड धावतं, थेंबी, जी पाण्याच्या ताणलेल्या पृष्ठभागावरून चालत पलीकडे जाते, भिंग्या, जो प्रकाश वाकवून दिसेनासा होतो, आणि कंपी. कंपी बहिरी. भिंतीला तळहात लावला की पलीकडे कितीजण आहेत, कोण लंगडतंय, कुठलं यंत्र चालू आहे, सगळं तिला कळतं. प्रत्येक शक्तीमागे खरं विज्ञान हवं आणि प्रकरणाच्या शेवटी घरी करून बघण्याजोगा एक प्रयोग हवा, हा तिचा स्वतःचाच दंडक. स्वतःच्या हातांनी करून बघितल्याशिवाय तिने एकही प्रयोग छापू दिला नाही. स्वतःच्या म्हणजे... लेकीच्या हातांनी.

लेकीचा निरोप फोनवर त्याच्याही आधी येऊन पडला होता. 'दुपारी येते. एक विचारायचंय.' काय विचारायचंय हे न कळायला ती काही कुक्कुलं बाळ नाही. गेल्या आठवड्यात लेकीला चक्कर येत होती, म्हणून ती कानाच्या नव्या डॉक्टरांकडे गेली, त्यांनी स्कॅन काढला आणि कागदावर लिहून तिला विचारलं — कानाच्या आतला शंख पूर्ण हाडाने भरलाय, लहानपणी तापानंतर लगेच कुणाला दाखवलं नव्हतं का? लेकीने ते वाक्य जसंच्या तसं आईला कळवलं आणि खाली स्वतःचे तीन शब्द लिहिले: दाखवलं होतं ना? त्यावर हिने उत्तर दिलं, भेटल्यावर बोलू. त्याला आज आठ दिवस झाले.

दाखवलं होतं. मेंदूज्वरातून उठली तेव्हा लेक साडेपाच वर्षांची होती, आणि शुद्धीवर आल्यानंतर तिसऱ्या दिवशी म्हणाली होती, आई, तू नुसतं तोंड का हलवतेस? मग मोठ्या शहरातले शल्यविशारद, तपासण्या, आणि त्यांचं ते एकपानी पत्र — शंख अजून मोकळा आहे, आत श्रवणयंत्राची तार बसवता येईल, मुलीला ऐकू येण्याची चांगली आशा आहे. मात्र आत हाड धरू लागलं आहे, तेव्हा शस्त्रक्रिया सहा महिन्यांच्या आत करावी. 'सहा महिन्यांच्या आत' या शब्दांखाली त्यांनी पेनाने दोन रेघा मारल्या होत्या. नवऱ्याने पत्र वाचलं, घडी घातली, तिच्या हातात दिलं आणि "तू विज्ञानातली, तू ठरव" म्हणून हात झटकले.

पहिले दोन महिने भीतीत गेले. एवढ्याशा डोक्याला गिरमिटाने भोक पाडायचं म्हणे. त्या भीतीबद्दल तिला कुणीही माफ केलं असतं, अगदी तिने स्वतःनेसुद्धा.

पण मग प्रयोग सुरू झाले ना... फुगा पोटाशी धरून रेडिओसमोर बसायचं. जमिनीला टाच टेकवून जिन्यावर कोण येतंय ते ओळखायचं. नादकाटा ठोकून दांडा दातांत धरायचा, आणि लेक डोळे मिटून, हनुवटी वर करून म्हणायची, आलं... आलं... गेलं. काय चेहरा व्हायचा तिचा. शेजारीपाजारी, शाळेतल्या बाई, सगळ्यांना ती अभिमानाने सांगत सुटली की माझी मुलगी हाडांनी ऐकते. हाडांनी ऐकते म्हणे. कंप जाणवणं आणि आवाज ऐकू येणं यांतला फरक ती स्वतः फळ्यावर आकृती काढून नववीच्या मुलांना समजावायची, परीक्षेत चार गुणांना विचारायची, आणि घरी येऊन तोच फरक खुशाल गिळून टाकायची. रात्री लेक निजली की दिवसभरात जमलेलं कागदावर उतरायचं. पहिला भाग असाच, तीन महिन्यांत, हातोहात झाला. हातोहात खपलाही.

आणि लगेच दुसरा. त्यात एक वेडा संशोधक शहरातले सगळे आवाज शोषून घेतो — माणसं बोलतात पण शब्द निघत नाहीत, भोंगे मुके होतात, गाड्या एकमेकींवर आदळतात, चुंबक्या आणि भिंग्या एकमेकांना शोधत रस्त्यात रडतात. घाबरत नाही ती फक्त कंपी, कारण तिचं काहीच गेलेलं नसतं. ती रस्त्यावर उताणी झोपते, पाठीने जमिनीखालचं यंत्र हुडकते, बाकी तिघांना बोटांच्या खुणा शिकवते आणि शहर वाचवते. सुचलं तेव्हा तिला स्वतःचाच हेवा वाटला होता. शहर वाचवायचं तर कंपीचे कान बरे होऊन चालणार नव्हतं... इतकं साधं होतं ते. पत्र मेजाच्या खणात होतं. सहावा महिना चालू होता.

त्याच दिवसांत लेकीने विचारलं, आई, कंपीला ऐकू यायला लागलं तर तिची शक्ती जाईल? तिने वहीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, जाईल. लेकीने अक्षरं जुळवत वाचलं, विचार केला, आणि म्हणाली, मग मला नको ते ऑपरेशन. सहा वर्षांचं पोर. त्या 'नको'ला ती धरून बसली — मुलीचीच इच्छा नाही, मुलीच्या मनाविरुद्ध कसं करायचं, हे ती ऐटीत बोलायची, आणि ऐकणारे माना डोलवायचे.

पत्र आल्यापासून चौदा महिन्यांनी, दुसऱ्या भागाची छपाई झाल्यावर, ती मुलीला घेऊन गेली. शल्यविशारदांनी नवा फोटो दिव्यावर धरला आणि म्हणाले, आता तार आत जाणार नाही. रागावले नाहीत. रागावले असते तर त्यांच्याशी भांडता आलं असतं. घरी येऊन तिने ते पत्र गॅसवर धरलं. ते डॉक्टर पुढे वारले, ते रुग्णालय बंद पडलं, नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. कंपी मात्र अजून दहा वर्षांची आहे, मजेत आहे.

लेक दार वाजवत नाही, तिच्याकडे किल्ली असते. बूट काढता काढताच तिचा तो सपाट, थोडा चढा आवाज घरभर झाला. "आई, अंधारात काय बसलीस? खिडकीकडे तोंड कर, तुझे ओठ दिसत नाहीत." पाव आणि उकडलेली अंडी खाताना ती कामाच्या गोष्टी सांगत राहिली, ती दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवते, मेणाची, प्लास्टरची, केसभर फट राहिली तरी तिला बोटाला कळते. "काल एक आजोबा कवळी परत घेऊन आले. म्हणाले, दात छान आहेत, पण हे माझं हसू नव्हे. मी म्हटलं, आजोबा, हसू तुमचं तुम्हीच आणायचं असतं." स्वतःच हसली. मग तिने बशी बाजूला सारली.

"आता सांग. दाखवलं होतं ना तेव्हा कुणाला?"

"दाखवलं होतं."

"मग?"

खरं उत्तर तयार होतं. दोन वाक्यांचं. आठ दिवस ती ते आरशासमोर म्हणत होती, ओठ नीट हलतात ना हे बघत. आणि तोंडातून आलं ते हे: "उशीर झाला होता. तापातच भरला होता शंख."

लेकीने डोळे बारीक केले. "काय? पुटपुटू नकोस. परत सांग."

ज्याला ऐकू येतं त्याच्याशी खोटं बोलणं सोपं असतं — मान फिरवता येते, खोकता येतं, भांडी आवरता आवरता अर्धं वाक्य गिळता येतं. इथे तसं नाही चालत. इथे उजेडाकडे तोंड करून, एकेक अक्षर सुटं करून, जीभ दातांना कुठे लागते ते दाखवत बोलावं लागतं, आणि समोरचे दोन डोळे त्यातलं काहीही सोडत नाहीत. अजून वेळ गेली नव्हती. परत सांग, असंच तर म्हणाली होती ती.

"ता-पा-तच भर-ला हो-ता," ती म्हणाली. "कुणाच्याच हातात काही नव्हतं." हे शेवटचं वाक्य तर कुणी मागितलंही नव्हतं.

लेक तिच्या तोंडाकडे बघत राहिली, बोलणं संपल्यावरही. मग खुर्चीत मागे टेकली. "बरं," ती म्हणाली. "आठ दिवस डोळ्याला डोळा नाही माझ्या. मला आठवतंय ना सगळं. कंपीची शक्ती जाईल म्हणून मीच नको म्हणाले होते. वाटत होतं, माझ्यामुळेच राहिलं."

"तुझ्यामुळे नाही."

"नक्की?"

"नक्की." एवढं एकच खरं होतं, आणि तेही त्याच तोंडाने, तसंच नीट सांगितलं गेलं.

लेकीने बशा धुतल्या, आईच्या खांद्यावर ओला हात ठेवला, म्हणाली, "मनोगतात माझंही नाव येऊ दे. शेवटी कंपी मीच आहे," आणि चारच्या आत कामावर पोचायचं म्हणून गेली.

त्यानंतर पाऊण तासात दोन पानं लिहून झाली. एक खाडाखोड नाही. तापातून उठलेली मुलगी, दैवाने मिटलेले कान, तळहातांनी जग शोधणारी ती... वाक्यामागून वाक्य अलगद येत गेलं, आणि संपादकाने वाचून लगेच कळवलं, ताई, मी रडलो. तिला वाटलं होतं हात तरी अडखळेल. हात अडखळला नाही, छातीत कळ आली नाही, उलट भूक लागली.

आणि मग, उरलेलं अंडं उभ्याने खाताना, ते तिच्या ध्यानात आलं. शंख जर तापातच भरला होता, तर ऑपरेशनचा विषय घरात निघालाच कसा? जे होणारच नव्हतं त्याला ती नको कशी म्हणाली असेल? ही फट पोरालाही दिसावी... आणि लेक पोर नाही. तिला ती दिसली नसेल? की दिसली, आणि तिने बशा धुवायला घेतल्या? ओला हात खांद्यावर ठेवताना ती मागे उभी होती. तिचा चेहरा मी पाहिला नाही.

पंचवीस वर्षं मला एकच भीती होती, लेकीला कळेल. त्या भीतीवर मी जगले, तिच्यावर तीन पुस्तकं आणखी लिहिली, उठताबसता ती सोबत होती. आता ती भीती राहिली नाही. आता लेक येत राहील, खिडकीकडे तोंड कर म्हणेल, कामावरच्या गमती सांगेल, आणि हे मात्र पुन्हा कधी विचारणार नाही. ती विचारणार नाही आणि मी सांगणार नाही, आणि दोघी मिळून शेवटपर्यंत नीट, एकेक अक्षर सुटं करून बोलत राहू.