लोटनआबांच्या चार दुपारी

मित्रांनो, मी एक जुना ध्वनिमुद्रक आहे. साध्या भाषेत रेकॉर्डर. मुठीत मावेन एवढाच. बोललेलं ऐकायचं, जपायचं आणि सांगितलं तरच पुन्हा बोलून दाखवायचं, एवढंच माझं काम. आता मी एरंडोलजवळच्या एका खेड्यात, गोठ्यातल्या कोनाड्यात पडून असतो.

जळगावच्या एका दुकानातून दिपमालाताईने मला घेतलं, तेव्हा ती पीएच.डी. करत होती. बाईपण आणि पुरुषपण माणसाच्या अंगावर कोण चढवतं, हा तिचा विषय. शेजारपाजारचे हसायचे. "असल्या विषयात डॉक्टर होऊन गोळ्या कुणाला देणार?" म्हणायचे. ती मात्र मला पर्समध्ये टाकून गावोगाव हिंडायची. ओसरीवर, विहिरीपाशी, कापसाच्या शेतात मी किती बायकांचं मन ऐकलं! मला फार मोठेपणा वाटायचा.

मग लोटनआबा भेटले. तरुणपणी ते तमाशात बाईची भूमिका करायचे. म्हातारपणी पुतण्या नवल आणि सूनबाई रूपा यांच्याकडे राहायचे. गोड गळा होता त्यांचा. श्रावणात घरोघरी कानबाई देवी बसली की गाणी म्हणायला सगळा गाव त्यांनाच बोलवायचा. नवल आणि रूपा शेतात गेले की आबा ताईशी बोलत. अशा चार दुपारी मी त्यांच्यासमोर होतो. चौथ्या दुपारी ते हसत म्हणाले,

"तमाशा सुटना, पन लुगडं नही सुटनं, माय. घरमा कोनी नही ऱ्हायनं का मी नेसस. बांगड्या भऱ्या का मी मी व्हई जास."

मग दाराकडे बघत त्यांनी आवाज खाली आणला. "मन्हं नाव कोठे येवाले नको. नवलले कळनं ते तोंड कोठे दखाडू?"

ताईने त्यांच्या पायांना हात लावला. "आबा, नाव बदलेन. आणि हा आवाज माझ्याशिवाय कुणी ऐकणार नाही."

प्रबंधात तिने खरंच नाव बदललं. ती डॉक्टर झाली, धुळ्याच्या एका कॉलेजात लागली, तिला ठिकठिकाणची बोलावणी येऊ लागली. एका मोठ्या परिषदेत ती निबंध वाचत होती. समोरचे लोक मोबाइल बघत होते, पहिल्या रांगेतले अध्यक्ष जांभया देत होते. ताईचा आवाज पडला. तिने पर्समध्ये हात घातला आणि मला माइकला लावलं.

आबा बोलले. सभागृह चिडीचूप झालं आणि मग टाळ्यांचा कडकडाट. खोटं कशाला सांगू, मलाही त्या टाळ्या गोड लागल्या.

कुणीतरी ते मोबाइलवर टिपलं होतं. पंधरा दिवसांत ते नवलच्या फोनवर आलं. त्यात नाव नव्हतं, पण तो गळा गावातलं शेंबडं पोरही ओळखत होतं. नवल शिव्या देऊन मोकळा झाला असता तर बरं. त्याने आबांची खाट उचलली आणि गोठ्यात नेऊन टाकली. श्रावणात कानबाई बसली, तेव्हा गाण्यांना बोलवायला कुणी आलं नाही.

गावातून निरोप मिळाल्यावर ताई आली. मान खाली घालून म्हणाली, "आबा, मी नाव सांगितलं नव्हतं हो."

"नाव नही सांगं, खरं शे. पन गळा ते मन्हाच व्हता ना?"

ताई रडू लागली. "मी आत्ता सगळं पुसते. तुमच्यासमोर."

"पहिले मले एकदाव ऐकू दे."

आबांनी चारही दुपारी ऐकल्या, गुरांच्या शेणामुतात बसून. स्वतःचं हसणं ऐकून त्यांनाही थोडं हसू आलं. मग म्हणाले, "पुसी टाक."

ताईने बटण दाबलं. मी रिकामा झालो. आबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "आते तू मन्ही पोर."

मित्रांनो, त्या वेळी मला ओरडावंसं वाटलं. त्या चारही दुपारी घरी गेल्या गेल्या ताईने मला तारेने संगणकाला जोडलं होतं. आबांचा शब्द न् शब्द तिकडे धुळ्यात सुरक्षित होता. ताईने माझ्याकडे पाहिलं. तिला ते आठवलं, हे मला कळलं. तरी ती बोलली नाही. मला आबांच्या हातात देऊन म्हणाली, "हे तुमच्याजवळच राहू द्या." आणि निघून गेली.

यंदा तिचं पुस्तक आलं. वर्तमानपत्रात त्याचं कौतुक छापून आलं, त्यात बांगड्यांचं ते वाक्य जसंच्या तसं होतं. रूपाने ते गोठ्याच्या दारात उभं राहून वाचलं.

"काय लिखेल शे, माय?" आबांनी विचारलं.

"काही नही, आबा," ती म्हणाली आणि कागद घडी करून पदराखाली धरला.

कुणी भेटायला आलं की आबा अजूनही मला कोनाड्यातून काढून दाखवतात. "बठ्ठं पुसी टाकं तिनी," असं कौतुकाने सांगतात.

मित्रांनो, माझ्या अंगावरची धूळ झटकली नाही तरी चालेल. पण कुणी तुमच्यापाशी आपलं मन मोकळं केलं, तर तुम्ही तरी असं वागू नका.