ज्याचा ट्रॅक्टर पुढं, त्याचा टेप

साखर कारखान्याच्या अड्ड्यावर उसाचे ट्रॅक्टर रांगेला लागले की पूर्वी तिथं उभं राहणं म्हणजे शिक्षाच होती. प्रत्येक ट्रॅक्टरवर टेप, प्रत्येक टेपाला परातीएवढे स्पीकर, आणि प्रत्येक ड्रायव्हरची खात्री की आपलंच गाणं ऐकायला दुनिया खोळंबली आहे. दोन हंगामांमागं यावरून मारामारी झाली, एकाचं डोकं फुटलं, आणि वजनकाट्यावर बसणाऱ्या किशनरावांनी वैतागून कायदाच करून टाकला. ज्याचा ट्रॅक्टर पुढं, त्याचा टेप. बाकीच्यांनी गप बसायचं. पुढचा वजनाला काट्यावर चढला की त्याचा टेप बंद आणि मागच्याचा सुरू. कायदा कुठं लिहिलेला नव्हता, म्हणून सगळे पाळत होते.

या कायद्यानं सगळ्यांचं भलं झालं, एकट्या अमृतचं सोडून. पुढच्या ट्रॅक्टरला फार तर दोन गाण्यांचा वेळ मिळे. अमृतच्या गाण्यात गाणाऱ्यानं तोंड उघडायच्या आतच त्याचा नंबर लागलेला असायचा.

अमृत पालमकडचा. पोरवयात पुण्याला एका निवृत्त इंजिनिअर साहेबांची गाडी चालवायला होता. साहेब बोलायचे कमी आणि गाडीत लावायचे प्रोग्रेसिव्ह रॉक नावाचं विलायती संगीत. सुरुवातीला अमृतला वाटलं, टेप बिघडलाय. गाणं म्हणावं तर वीस-वीस मिनिटं संपत नाही. मध्येच ड्रम थांबतात, मध्येच चाल बदलते, मध्येच नुसता वारा वाहतो, आणि आता हे हाताबाहेर गेलंच म्हणेपर्यंत पहिली चाल कुठून कुठून फिरून परत घरी येते. एकदा सिग्नलला गाडी अडकली असताना ती चाल अशीच परत आली आणि अमृतच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. इंग्रजी त्याला तेव्हा कळत नव्हतं, आजही कळत नाही. साहेब वारले तेव्हा बाईसाहेबांनी सीडींचा डबा त्याच्या हातात दिला. तो डबा घेऊन तो गावी आला, ट्रॅक्टरवर बसला, आणि तेव्हापासून हा ताप त्याच्या मागं लागला. हे दुसऱ्या कुणाला तरी ऐकवायचं.

किती जणांना ऐकवलं म्हणून सांगावं! इंग्रजी नावं जिभेवर बसत नाहीत, म्हणून त्यानं सीडींवरच्या चित्रांवरून नावं पाडली होती. शिडीवाली, तळ्यावाली, घुबडवाली. लोकांनी त्या सगळ्यांना मिळून एकच नाव पाडलं, अमृतची प्रगतशील गाणी. पेरणी कशी करावी हे सांगणारे प्रगतशील शेतकरी सगळ्यांना माहीत होते, त्यामुळं ऐकणाऱ्याच्या तोंडावर आधीच कंटाळा पसरायचा.

सगळ्यात मोठा घोटाळा झाला तो मुंजाजीच्या मेव्हण्याच्या हळदीत. मुंजाजी पिंगळीचा, अड्ड्यावरचा सगळ्यात तोंडाळ गडी. अमृतनं त्याला मोठ्या हौसेनं घुबडवाली भरून दिली होती, आणि ती पेनड्राइव्ह नेमकी डीजेवाल्याच्या हाती लागली. घुबडवालीच्या सुरुवातीला नुसता वारा आणि लांबवर घंटा आहेत. हळदीनं माखलेली माणसं हात वर करून ताल कधी सुरू होतो म्हणून उभी राहिली ती उभीच. शेवटी नवरदेवाच्या मामानं विचारलं, "लाइट गेली का कोणी वारलं?"

अमृतनं त्यातून एवढं शिकून घेतलं की नवख्याला घुबडवाली द्यायची नसते. नवख्याला आधी शिडीवाली द्यावी. तिच्यात गाणं लवकर सुरू होतं आणि चाल गुणगुणता येते. ती पचली तर तळ्यावाली. तिचं शेवटचं एकच लांबलचक गाणं ज्याला बसून ऐकता आलं, तो आपला. मग पुढं घुबडवाली. ही पायरी त्यानं मनात पक्की केली होती, पण पहिल्याच पायरीवर कुणी पाय ठेवत नव्हतं. लोक म्हणायचे, "चांगलंय," आणि विषय बदलायचे. त्याला "चांगलंय" नकोच होतं. शिडीवाली ऐकून कुणी तरी एकदा विचारावं, "ह्याच्यापुढं कोणती?" एवढंच त्याला हवं होतं. एवढ्या वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं.

आणि आता वेळही फारसा उरला नव्हता. परभणीच्या कानाच्या डॉक्टरांनी पावसाळ्यातच सांगितलं होतं, डावा कान गेल्यात जमा आहे, उजवा सांभाळा. वर्षानुवर्षं इंजिन आणि स्पीकर यांच्या मध्ये बसल्यावर दुसरं काय होणार? दैवशालेनं, त्याच्या बायकोनं, त्या दिवसापासून एकच धोशा लावला होता, "बंद करा की तो धुडगूस आता." त्यानं टेप बंद केला नाही, उलट आवाज दोन घरं वाढवला. उजवा शाबूत आहे तोवर कुणाच्या तरी शेजारी बसून ते गाणं अखेरपर्यंत ऐकायचं होतं. एकट्यानं ऐकून ऐकून तो थकला होता.

त्यात यंदा तळ्यावालीची शेपटीच तुटली. जुनी पेनड्राइव्ह धुळीनं गेली, म्हणून पालमच्या मोबाइल दुकानवाल्या पप्पूकडून सीडीवरून नवी भरून घेतली. तिच्यात त्या लांब गाण्याचा शेवट गायब. ड्रम थांबल्यावर शेवटी एक बासरी आहे, शिट्टीसारखी बारीक, एकटीच वर वर जाणारी. साहेब घरापाशी पोचले तरी ती संपल्याशिवाय गाडीतून उतरत नसत. ती बासरीच पप्पूनं कापली. अमृत दोनदा भांडून आला. पप्पूनं दुकानात लावून दाखवलं आणि म्हणाला, "हाय की सगळं! कामून बेजार करायलाव काका?" लबाड लेकाचा. काम बिघडवायचं आणि वर तोंड करून बोलायचं.

तर त्या दिवशी दुपारी अमृतचा ट्रॅक्टर रांगेत सगळ्यात पुढं आला आणि मिल बंद पडली.

"काय तर तुटलंय आत," किशनराव खिडकीतून म्हणाले. "दिवस मावळस्तोवर चालू होईल का न्हाई, सांगता येत न्हाई."

रांगेत हळहळ झाली. अमृतला मात्र क्षणभर आपल्या नशिबावर विश्वास बसेना. मिल चालू होईपर्यंत टेप त्याचा, आणि एवढी सगळी माणसं जाग्यावर अडकलेली. पंधरा वर्षांपूर्वी असं झालं असतं तर तो नाचला असता. आता त्यानं मान हलवली, इंजिन बंद केलं आणि शिडीवाली लावली.

पहिलं गाणं लोकांनी सहन केलं. दुसऱ्याला मुंजाजी आपल्या ट्रॅक्टरवरून उतरून आला.

"अमृतदा, ही प्रगती कुठवर जाणार हाय?"

"ऐक की जरा. आत्ता चाल बदलती बघ."

"कशाला बदलायची? हाय ती काय वाईट हाय?" मुंजाजीनं रांगेकडं बघून हात पसरले. लोक हसले. "किशनराव, कायद्यात कायतरी करा ओ. ह्येनं माणसं मरायली."

"कायदा म्हंजे कायदा," किशनराव म्हणाले, आणि त्यांनी आपली खिडकी लावून घेतली.

हळूहळू माणसं पांगली. कुणी चहाला गेलं, कुणी ट्रॉलीच्या सावलीत पालथं पडलं, कुणी कानात बोळे घालून मोबाइल बघत बसलं. शिडीवाली संपली तेव्हा अमृतच्या ट्रॅक्टरजवळ चिटपाखरू नव्हतं. एवढी संधी मिळून ही गत! त्याला राग आला नाही, नुसता थकवा आला. पायऱ्या लावून, गोडी लावून, नवख्याच्या कलानं घेऊन काही होत नसतं. आता कुणासाठी लावायचंच नाही. आपल्याला आवडतं ते लावू आणि गप पडू. त्यानं तळ्यावालीचं लांब गाणं लावलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं.

थोड्या वेळानं ट्रॅक्टर हलला. बघतो तर मडगार्डवर मल्हारी येऊन बसलेला.

मल्हारी पोखर्णीचा. घरी मेंढरं होती, ती भाऊ बघायचा, आणि हंगामापुरता मल्हारी दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचा. रांगेत तो अमृतच्या पाठोपाठ दुसरा होता. वयानं चार वर्षं मोठा आणि बोलायला महाकंजूस. अमृतच्या गाण्यांना त्यानं कधी नावं ठेवली नव्हती की कधी बरं म्हटलं नव्हतं.

"काही पायजे का, आण्णा?" अमृतनं विचारलं.

मल्हारीनं नकारार्थी मान हलवली आणि तंबाखू मळायला घेतली.  आत्ता चाल बदलेल, आत्ता नीट ऐक, असलं काहीच अमृत बोलला नाही. बोलायचं त्राणच नव्हतं.

गाणं आपल्या वाटेनं गेलं. ड्रम आले, गेले, वारा सुटला, कुणी तरी लांबून दोन ओळी गाऊन गेलं. मळलेली तंबाखू मल्हारीच्या तळहातावर तशीच राहिली. मग पहिली चाल परत आली आणि मल्हारी हळूच म्हणाला, "ही मघाचीच हाय न्हवं? हिंडून आली."

 अमृतनं मान डोलावली, पण मल्हारीकडं पाहायचं धाडस त्याला झालं नाही.

शेवटचे ड्रम वाजले आणि थांबले. पप्पूनं इथूनच कापलं होतं. नेमकं आज, माणूस ऐकायला बसला असताना, शेपूट तुटकी! पप्पूला मनातल्या मनात शिवी हासडून अमृतनं टेप बंद करायला हात पुढं केला.

मल्हारीनं त्याचं मनगट धरलं.

"थांब की. वाजायलंय अजून."

अमृत थांबला. त्यानं कान दिला. अड्ड्यावरची माशी ऐकू यावी इतका कान दिला. पण त्याला माशीही ऐकू आली नाही.

"काय वाजायलंय?"

"हे काय. बारीक." मल्हारीनं तिरकी मान केली, कळपात कुठलं कोकरू ओरडलं ते हुडकताना करतात तशी. "मला आधी वाटलं भाईरून यायलंय. आतलंच हाय. कशाचं हाय हे?"



"बासरी," अमृत म्हणाला.

"वर चाललीय."

"हां. वर जाती ती." अमृत म्हणाला. "संपली की सांग, आण्णा."

मल्हारीनं त्याच्याकडं एकदा नीट पाहिलं.  मनगट तसंच धरून तो ऐकत राहिला आणि अमृत त्याच्या तोंडाकडं बघत राहिला. पप्पूनं काहीच कापलं नव्हतं. बिचाऱ्याला दोनदा उगाच शिव्या घातल्या. डॉक्टर म्हणाले होते उजवा सांभाळा, आणि उजव्यातून ती कधी निघून गेली याचा पत्ताच लागला नाही.

"संपली," मल्हारी म्हणाला आणि त्यानं मनगट सोडलं. हातातली तंबाखू झटकून टाकली, खायची राहूनच गेली होती. मग खाली उतरता उतरता थांबून त्यानं विचारलं, "ह्याच्यापुढं कोंची ऐकायची?"

अमृतला हसावं की रडावं कळेना. थोडं दोन्ही झालं. एवढी वर्षं ज्या एका प्रश्नासाठी काढली, तो आलाही कुठल्या घडीला! त्यानं टेपातून पेनड्राइव्ह काढून मल्हारीच्या हातावर ठेवली.

"घुबडवाली. सगळ्यात खाली हाय. पर अगुदर हीच अजून एकदा ऐक."

"आन् तुला?"

"मला पाठ हाय."

उन्हं उतरता उतरता आत भोंगा झाला. मिल सुरू झाली. चहावरचे, सावलीतले सगळे धावत आपापल्या ट्रॅक्टरवर चढले. अमृतनं गाडी काट्यावर घेतली, वजन झालं, आणि तो पुढं गव्हाणीपाशी ऊस खाली करायच्या रांगेत जाऊन थांबला. आता अड्ड्यावर पुढं मल्हारी होता. टेप त्याचा.

तळ्यावाली सुरू झाली.

"अरे देवा!" मागून मुंजाजी ओरडला. "आण्णा, तुमीबी?"

किशनराव खिडकीतून डोकं बाहेर काढून बघू लागले. मल्हारीनं कुणाकडं लक्ष दिलं नाही. काट्यावर काही तरी खोळंबा झाला होता, त्यामुळं गाण्याला वेळ मिळाला. अमृतपर्यंत नुसते ड्रम पोचत होते, तेही पायाखालून आल्यासारखे. तो मोजत नव्हता. त्याला सगळं पाठ होतं. वारा कुठं, गाणं कुठं, चाल कुठं हिंडून येते, सगळं.

ड्रम थांबले. अमृतनं मागं वळून पाहिलं.

मल्हारीनं स्टिअरिंगवरचा एक हात उचलून वर धरला होता, सगळ्या अड्ड्याला दिसेल असा, आणि तो तसाच धरून ठेवला होता.

गव्हाणीवाला अमृतला हात करून पुढं बोलावत होता. मल्हारीच्या मागचे हॉर्न वाजवत असावेत, त्यांची तोंडं तशीच दिसत होती. अमृतनं क्लच दाबून ठेवला, पण मल्हारीचा हात खाली येईपर्यंत गिअर टाकला नाही.