शेवटच्या घराचा नळ

ललिताबाई गेल्याची बातमी गल्लीत तोंडोतोंडी पसरली. शेवटच्या घराला मात्र ती नळाने सांगितली.

२००३ सालचा उन्हाळा होता. सातपूरच्या त्या कॉलनीत उजाडताना पाणी येई आणि तासाभरात जाई. हिरामण आहेर, ज्यांना सगळे नाना म्हणत, नुकतेच दवाखान्यातून परतले होते. छातीत दुखतं म्हणून रात्री बायकोला, ललिताला, नेलं आणि पहाटे सगळं संपलं. तिला घेऊन येणारी गाडी अजून यायची होती. शेजारच्या कमळाबाई आत सतरंजी अंथरत होत्या. पाहुणे येतील म्हणून कुणीतरी पाण्याची मोटार लावून दिली होती आणि ती बंद करायचं कुणाच्या ध्यानात नव्हतं. टाकी भरून गच्चीवरून पाणी गळत होतं. नाना ओट्यावर नुसते बसून होते.

तेवढ्यात गल्लीच्या टोकाला राहणाऱ्या बयाबाई रिकामी कळशी कमरेवर घेऊन आल्या.

"नाना, ललिताताईला बरं नाय का?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय. नळाला थेंब आला नाय, म्हणून वाटलं."

"गेली ती," नाना म्हणाले.

बयाबाईंनी कळशी खाली ठेवली आणि त्या तिथेच पायरीवर बसल्या. नळाचा आणि ललिताचा काय संबंध, हे नानांना कळलं नाही. त्या दिवशी कळण्यासारखं काहीच नव्हतं.

सुतकात गल्लीने नानांच्या घरची चूल पेटू दिली नाही. रोज कुणाकडून तरी डबा येई. बयाबाई बाजरीची भाकरी आणि पिठलं घेऊन आल्या. त्यांचा नवरा सावळीराम कारखान्यावर वॉचमन होता, आता अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेला. त्याला उठवणं, धुणं, भरवणं सगळं बयाबाईंच्या अंगावर. मूल नव्हतं. चांदवडकडचं गाव कधीच सुटलं होतं. तेरावा झाला. मुलगा मनोज आणि सून मीना पुण्याला परत गेले. जाताना मीना म्हणाली, "नाना, गोळ्या वेळेवर घ्या." नाना हो म्हणाले. कोणती गोळी सकाळची आणि कोणती रात्रीची, ते त्यांना कधी ठाऊकच नव्हतं. ते सगळं ललिता बघायची.

आता उठायचं, चहा करायचा, मोटार लावायची. नाना कारखान्यात फिटर होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताने नळाच्या पाइपालाच मोटार जोडली होती. बटण दाबलं की पाणी थेट गच्चीवरच्या टाकीत. बघता बघता निम्म्या गल्लीने तसंच केलं.

एक गोष्ट मात्र नानांना चमत्कारिक वाटू लागली. ललिता असताना टाकी कधी पूर्ण भरली नव्हती. त्यावरून ते तिला किती बोलले होते! "मोटार बंद करायची तुला एवढी घाई काय असते?" ती म्हणायची, "तापते हो ती." टाकी गळते म्हणून त्यांनी प्लंबर आणला, पाइप बदलला, तरी टाकी अर्धीच. आता मात्र रोज भरून वाहत होती. आणि वापरायला एकटा माणूस!

अशाच एका सकाळी कमळाबाई दारात आल्या. त्या निवृत्त नर्स. आवाज कधी चढवायच्या नाहीत.

"नाना, तुमची टाकी वाहतेय."

"वाहू द्या. करतो बंद."

"बयाबाई पडल्या. हातपंपाजवळच्या उतारावर, भरल्या कळशीसकट. खुब्याचं हाड मोडलंय बहुतेक. रिक्षा बोलावलीय, तुम्ही चला."

नाना चपला घालून निघाले. बयाबाई रस्त्याच्या कडेला निजवलेल्या, तोंड पांढरं पडलेलं. नानांनी आणि कमळाबाईंनी त्यांना उचलून रिक्षात घेतलं. वाटभर त्या एकच घोकत होत्या, "त्यांना पाणी पाजायचं राहिलं. त्यांना पाणी पाजायचं राहिलं."

दवाखान्यात त्यांना आत नेल्यावर दोघं बाकावर बसली. नाना चिडून म्हणाले, "या वयात हातपंपावर जायचंच कशाला? घरात नळ आहे ना!"

कमळाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "नळ आहे. पाणी कुठंय? आपण सगळे मोटारी लावून ओढतो. शेवटच्या घरापर्यंत काय जाणार?"

"एवढे दिवस जात होतं की!"

"जात होतं, कारण ललिता पाठवत होती."

कमळाबाई सांगू लागल्या.

"तुम्ही पूजेला बसलात की ती मोटार बंद करायची. मग गल्लीतून एक फेरी. ज्याच्या घरी मोटार चालू, त्याच्या दारात उभी राहून एवढंच म्हणायची, 'झालं का?' भांडण नाही, उपदेश नाही. माझ्याही दारात यायची. मग लाज वाटून मीही बंद करायची. शेवटी बयाबाईंच्या दोन कळशा भरल्या की ती घरी."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"सांगितलं होतं म्हणाली. तुम्ही म्हणालात, 'आपण काय पाणपोई उघडलीय?'"

नानांना ते वाक्य आठवलं. पेपर वाचता वाचता बोलले होते ते, मानही वर न करता.

"पण मोटार काय माझ्या एकट्याची आहे?" ते अजून झगडत होते.

"नाही. माझीही आहे. ललिता गेल्यापासून मला कुणी विचारलं नाही, आणि मीही बंद केली नाही. एवढी वर्षं नर्स होते मी, नाना. दारावरून म्हातारीला कळशी घेऊन जाताना रोज बघत होते. वाटायचं, दुसरं कुणीतरी बघेल. पुढच्या घरातला माणूस आपल्याला दिसत नाही असं नाही हो. आपण टाकीकडे बघत असतो!"

नानांना बयाबाईंची रिकामी कळशी आठवली. तिच्या मरणाच्या दिवशी गल्लीच्या टोकाच्या एका बाईने नळावरून ओळखलं होतं की ललिता उठलेली नाही. आणि एकाच छपराखाली राहून, टाकी अर्धी का राहते हे त्यांनी प्लंबरला विचारलं होतं!

घरी आल्यावर नानांनी पाना काढला आणि मोटार पाइपावरून सोडवली. मग खाली अंगणात मोठं पिंप ठेवलं. नळाचं पाणी आपल्या गतीने पिंपात यावं, आणि मोटारीने ते पिंपातून वर चढवावं, अशी जोडणी केली. त्यात रस्त्याखालच्या पाइपातल्या पाण्याची ओढाओढ नव्हती. संध्याकाळपर्यंत गुडघे ठणकायला लागले. मग ते सावळीरामकडे गेले, त्याला पाणी पाजलं, कमळाबाईंनी दिलेला भात भरवला. सावळीरामला नीट बोलता येत नव्हतं. तो नानांकडे बघत राहिला, मग दाराकडे.

दुसऱ्या दिवसापासून नाना पाण्याच्या वेळी गल्लीतून फिरू लागले. ललितासारखं त्यांना जमत नव्हतं. त्यांचं 'झालं का?' दम दिल्यासारखं निघे.

"काय नाना, महापालिकेत लागलात का?" गल्लीतला फकिरा आपल्या ओट्यावर दात घासत म्हणाला.

"पगार नाही रे. तुझी बंद कर."

"माझ्या घरात सहा माणसं. तुमचं एकट्याचं काय जातं बोलायला?"

"माझीच पहिली मोटार या गल्लीत," नाना म्हणाले. "तुला जोडून मीच दिली. तुझ्याकडेही पिंप बसवून देतो, फुकट."

"बघू."

कमळाबाईंनी पिंप बसवून घेतलं. आणखी काही घरांनी घेतलं. फकिरा अजून 'बघू'च म्हणतो. नाना रोज फिरतात, कारण न फिरलं तर पाणी पुढे जात नाही. दमायला होतं. शेवटच्या घराच्या नळाला आता धार येते, बारीक.

वाचकहो, या गल्लीत वाईट असं कुणीच नव्हतं. मयताला सगळे धावून आले, डबे आले, सांत्वन झालं. शेजारधर्म आपण मयताच्या दारात नीट पाळतो. रोजच्या सकाळी मात्र तो कुणा एकावर टाकून मोकळे होतो. तो एक माणूस गेला की कळतं, तो काय करत होता. त्याच्या हयातीतच आपली मोटार वेळेवर बंद केली, तर त्याला फेरी मारावी लागणार नाही.

बयाबाई घरी आल्या आहेत. काठीशिवाय चालता येत नाही, आणि सावळीरामला उचलणं आता त्यांच्याने होत नाही. त्याच्यासाठी कुणीतरी बाई बघायची आहे, अजून मिळालेली नाही. फकिराची मोटार चालू आहे. आणि टाकीवरून ललिताला जे जे बोलले, ते नानांना परत घ्यायचं होतं. ते राहिलं.