दोन मिलिमीटरचं काम

माझ्या भावांनी जशी वाटणी केली तशी जगात कुणी केली नसेल. दादानं कॅमेऱ्याची बॉडी घेतली आणि धाकट्यानं तिची लेन्स. बॉडी दादानं स्टुडिओ उघडताना घेतलेली, लेन्स धाकट्यानं पहिल्या कमाईतून आणलेली, म्हणजे ज्याचं त्याला मिळालं. फक्त बॉडीवर ती लेन्स लागायची तेव्हाच त्यांच्या स्टुडिओतले चेहरे लोक नातेवाइकांना पाठवायचे, हे दोघा शहाण्यांच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलं असेल, पण आधी माघार घ्यायची कुणी?

भांडण कशावरून, तर एका जोडप्याच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली म्हणून हे दोघं भाऊ त्यांचे फोटो काढायला गेले. काढले, भरपूर काढले. घरी आल्यावर धाकट्याला वाटलं की दादानं फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घेतले असतील, म्हणून त्यानं कार्ड पुसून टाकलं. दादाला वाटलं होतं की धाकटा उतरवेल. विचारायचं एकालाही सुचलं नाही. मग कोण निष्काळजी यावर आठ दिवस तोंडाची लढाई झाली आणि नवव्या दिवशी धाकटा लेन्स रुमालात गुंडाळून चालता झाला. त्यानं एका लाँड्रीच्या वरची खोली घेतली, दुसऱ्या कंपनीची बॉडी घेतली आणि दादाचं नाव टाकलं.

मी या दोघांच्या मधली. मापाची यंत्रं दुरुस्त करते. शाळा-कॉलेजांचे सूक्ष्मदर्शक, औषधवाल्यांचे तराजू, जमीन मोजणाऱ्यांच्या दुर्बिणी. घराच्या पुढच्या खोलीत माझं वर्कशॉप, तिथे धातू कातायचं एक लहान लेथ आहे, एक जाड लाकडी टेबल आहे आणि भिंतीवर ओळीनं लावलेल्या कानशी. दादा मला लहानपणापासून मिस्त्रीण म्हणतो, कारण सातव्या वर्षी मी घरातलं घड्याळ उघडलं होतं. परत जोडलंही होतं, पण ते कुणी सांगत नाही.

फेब्रुवारीत धाकटा आला. एका हातात लेन्स, दुसऱ्यात नवी बॉडी. म्हणाला, ही हिच्यावर बसवून दे. मी दोन्हीकडे बघितलं आणि सांगितलं की बसत नाही. तो म्हणाला, बसत नाही म्हणून तर तुझ्याकडे आलोय, बसत असती तर मीच नसती बसवली?

घोडं कुठे अडत होतं ते सांगते. लेन्स बॉडीच्या आतल्या, चित्र टिपणाऱ्या सेन्सरपासून ठरावीक अंतरावर बसली तरच चित्र नीट येतं. चष्मा नाकावरून घसरला की कसं सगळं बदलतं, तसंच. प्रत्येक कंपनीचं हे अंतर वेगळं. धाकट्याच्या नव्या बॉडीत ते दादाच्या बॉडीपेक्षा दोन मिलिमीटरनं जास्त होतं. मधे नुसती एखादी रिंग घालून भागलं असतं, तर मी तासाभरात देऊन मोकळी झाले असते. पण रिंगनं लेन्स आणखी पुढे जाते, आणि इथे तिला मागे न्यायची होती. म्हणजे लेन्सचा मागचा भाग दोन मिलिमीटर कापायचा, बॉडीत अडकणारे तिचे मूळचे दाते काढून टाकायचे आणि नवी रिंग स्क्रूनं कायमची बसवायची. एकदा कापली की ती दादाच्या बॉडीवर जन्मात परत बसणार नव्हती.

मला ते करायचं नव्हतं. माझ्या मनानं एक वेड घेतलं होतं, की जोवर ती लेन्स दादाच्या बॉडीवर बसू शकते, तोवर हे दोघंही एका स्टुडिओत बसू शकतात. कुणी हसलं तरी चालेल. आई माझ्याकडे राहते, आणि रोज जेवताना तिचं एकच पालुपद, तू मधली आहेस, तूच काय ते कर. आता काय करू? दोघांना कानाला धरून समोरासमोर बसवण्याचं वय गेलं होतं. न कापणं तेवढं माझ्या हातात होतं.

म्हणून मी चालढकल सुरू केली. मी, जिनं आजवर एका गिऱ्हाइकाची तारीख चुकवली नाही! पहिल्यांदा सांगितलं की लेथचा पट्टा तुटलाय. मग हव्या त्या मापाचे स्क्रू मिळेनात. मग माझ्या चष्म्याचा नंबर वाढला. एप्रिलमध्ये त्याचं समाधान व्हावं म्हणून मी न कापता एक तात्पुरती रिंग करून दिली. त्यानं ती लावून चार दिवस बघितली आणि परत आणली. हातभर अंतरावरचं स्वच्छ दिसत होतं, त्यापुढचं सगळं धुरकट. म्हणाला, ताई, मला लोकांची नुसती नाकं काढायची नाहीयेत. मी म्हटलं, बरं, बघते. तो म्हणाला, कधी? मी म्हटलं, पुढच्या आठवड्यात.

त्या पुढच्या आठवड्यांनी माझ्या नाकी नऊ आणले. धाकटा दर सोमवारी यायचा. आईजवळ बसायचा, चहा घ्यायचा, मग वर्कशॉपच्या दारात उभा राहून विचारायचा, झालं का? मी नवं कारण सांगायचे. तो तोंड वाकडं करायचा, मिस्त्री बदलावा लागेल म्हणून टोमणा मारायचा आणि जायचा. मला मनातून वाटायचं की बाबा, ने एकदाची दुसरीकडे, निदान माझ्या हातून तरी नको. पण नेतही नव्हता. लेन्स माझ्या खणात, फडक्यात गुंडाळलेली, शेजारी मापासाठी ठेवलेली त्याची बॉडी (तो तोवर भाड्याच्या कॅमेऱ्यावर भागवत होता), आणि खण उघडला की माझ्या डोक्यात तिडीक जायची. कुणाचा राग यायचा ते विचारू नका. त्याचा यायचा, दादाचा यायचा, कामात खोटं बोलावं लागतं म्हणून स्वतःचा तर सगळ्यात जास्त.

दादा या सगळ्या काळात फिरकला नाही. आईला फोन करायचा, माझ्याशी दोन शब्द बोलायचा, तब्येत, पाणी, वीज. धाकट्याचं नाव तो काढत नव्हता आणि मीही काढत नव्हते. मला वाटायचं की आपण होऊन विषय काढला तर तो फोनच करायचा बंद होईल.

जुलैतल्या एका शुक्रवारी दुपारी तो अचानक दारात. आई आत झोपली होती. त्यानं टॉवेलात बांधलेला कॅमेरा टेबलावर ठेवला आणि म्हणाला, पुढची रिंग सैल झालीय, लेन्स हलते, जरा आवळून दे. मी टॉवेल सोडला. कॅमेऱ्यावर भलतीच लेन्स होती. ती काढली आणि बॉडी उजेडात धरली.

बॉडीची मूळची रिंग काढून टाकली होती. नुसती रिंग नाही, खालचा धातूही कापला होता, तोही कसा, तर पत्र्याचा डबा उघडावा तसा. वर दुसऱ्या कंपनीची रिंग चार स्क्रूंनी ठोकली होती आणि त्यातले दोन तिरके. आधी मला त्या कामाचीच चीड आली. मग त्याचा अर्थ डोक्यात शिरला.

"हे कधी केलंस?"

"मे महिन्यात."

"माझ्याकडे नाही आणायचं?"

"तुझ्याकडे कसं आणणार?" दादा म्हणाला. "तू त्याची लेन्स कापून बसलेली."

त्याला कुणी सांगितलं, तर आईनं. धाकट्यानं लेन्स कापायला दिलीय, हिनं घेतलीय, असं तिनं एप्रिलमध्येच त्याच्या कानावर घातलं होतं. दादा धरून चालला की काम झालंसुद्धा. मिस्त्रीण कधी तारीख चुकवत नाही, हे त्याला माहीत होतं ना! मग तो महिनाभर धुमसला आणि म्हणाला, तिकडे कापलीय तर मी ही बॉडी कुणासाठी जपून ठेवू? मला तोंड दाखवायचं नव्हतं म्हणून त्यानं बसनं तीन तास जाऊन कुणा परक्या कारागिराकडून कापून आणली.

मी खण उघडला आणि फडकं सोडून लेन्स त्याच्यासमोर ठेवली. त्यानं ती उचलली, उलटी केली, मागच्या दात्यांवरून बोट फिरवलं. मग सवयीनं आपल्या बॉडीवर टेकवून फिरवली. ती गोल गोल फिरत राहिली, अडकायला आत काही उरलंच नव्हतं.

"पाच महिने ही अशीच पडून आहे?"

"अशीच."

"आणि मला एका शब्दानं बोलली नाहीस?"

तू तरी विचारलंस का, असं मी फाडकन म्हटलं, पण त्यात काही दम नव्हता. दादा खुर्चीत बसला. दादा एरवी कधी वर्कशॉपच्या खुर्चीत बसत नाही, उभ्यानं बोलतो आणि जातो. त्या दिवशी बराच वेळ बसला. त्याला वाईट वाटत होतं आणि ते लपवणंही त्याला जमत नव्हतं. मला तर रडूच येत होतं, पण रडले असते तर त्यानं मलाच समजावलं असतं, आणि ते मला नको होतं. मी त्याची रिंग काढली, तिरक्या स्क्रूंची भोकं नीट करून दिली, पातळ चकती घालून डगडग घालवली. जाताना म्हणाला, धाकट्याला यातलं काही कळू देऊ नकोस.

तो गेल्यावर आई उठली. मी तिला विचारलं, कशाला सांगायला गेलीस त्याला? तर ती म्हणाली, मुद्दाम सांगितलं, म्हटलं घाबरून धावत येईल आणि थांबवेल. मी कपाळावर हात मारून घेतला. म्हणजे आईचा एक बेत, माझा एक बेत, आणि सगळे आपापला बेत पोटात घेऊन मूग गिळून बसलेले. माझ्या बेतानं तर दादाचा कॅमेरा कापला गेला. सरळ फोन उचलून, लेन्स माझ्याकडे आहे, मी कापत नाहीये, ये आणि घेऊन जा, एवढं सांगितलं असतं तर! दहा सेकंदांचं बोलणं होतं.

शनिवारी सकाळी मी लेन्स लेथवर चढवली. कुणाला विचारलं नाही. आता जपायचं कशासाठी, हा एकच विचार डोक्यात होता, आणि रागही होता, खोटं का बोलू. मागच्या काचा काढून पेटीत ठेवल्या, दाते उतरवले, दोन मिलिमीटर कापले. पितळेचा कीस टेबलावर पडत गेला. नवी रिंग बसवली, चार स्क्रू, चारही सरळ. काचा परत घातल्या. धाकट्याच्या बॉडीवर लावली तर खट्कन बसली. खिडकीतून समोरच्या इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीवर धरली, तिथला रंग उडालेला आकडासुद्धा लख्ख दिसला. पाच महिने टाळलेलं काम दीड तासात झालं, पहिल्याच फटक्यात. चकती घालावी लागली नाही की पुन्हा कानस लावावी लागली नाही.

सोमवारी धाकटा आला. आईजवळ बसला, चहा घेतला, दारात आला आणि विचारलं, झालं का? आज कुठलं कारण म्हणून तो हसतच होता.

"झालं," मी म्हटलं.

त्याला वाटलं मी थट्टा करतेय. मी कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्यानं लेन्स काढली, उलटी केली आणि मागचा कापलेला भाग बघितला. परत लावली. डोळ्याला लावून खिडकीबाहेर बघितलं, मग माझ्याकडे, मग आतल्या खोलीत आई बसली होती तिच्याकडे. एकही फोटो काढला नाही. मी म्हटलं, बघ की, लांबचं पण स्वच्छ येतंय. तो म्हणाला, हो, येतंय.

मग मी दादाला दिलेला शब्द मोडला. लपवालपवीचं मला पुरे झालं होतं. दादाची बॉडी, मे महिना, आईचा फोन, सगळं एका दमात सांगून टाकलं. म्हटलं, त्याची कापली गेली म्हणून तुझी कापली, आता झालात दोघं मोकळे, पाच महिने माझं डोकं खात होतास ना, घे.

धाकटा टेबलाच्या कडेला टेकला. कॅमेरा त्यानं दोन्ही हातांत धरला होता.

"तू टाळतेयस हे मला पहिल्या महिन्यातच कळलं होतं, ताई," तो म्हणाला. "पट्टा तुटलाय म्हणालीस तेव्हा लेथ मागे चालूच होतं. म्हणून तर मी ती दुसऱ्या कुणाकडे नेली नाही."

आई आतून विचारत होती की काय झालं. मी त्याच्या हातातल्या लेन्सकडे बघत राहिले. ती बॉडीवर अशी घट्ट आणि सरळ बसली होती की सांध्यात नखही गेलं नसतं. इतकं चांगलं काम मी वर्षभरात केलं नव्हतं, आणि मला ते बघवत नव्हतं.