थॅडियसच्या शेजारची लेन

जॉर्जियातील आमच्या कोल्टन गावी वसंतात शाळेच्या मैदानावर धावण्याच्या शर्यती भरत. एरवी केवळ चर्चसाठी राखून ठेवलेल्या टोप्या त्या दिवशी उन्हात येत. त्या वर्षी गाव ज्यांना आदराने ‘मिस’ म्हणे त्या ओफेलिया मॅब्री जांभळी टोपी घालून पहिल्याच बाकावर बसल्या होत्या. कोंबड्यांच्या कारखान्यातील शनिवारच्या पाळीमुळे आपला पुत्र थॅडियस याला हर्डलवरून, म्हणजे शर्यतीच्या वाटेत मांडलेल्या अडथळ्यांवरून, झेपावताना त्यांनी एकदाही पाहिले नव्हते. आज त्यांनी रजा घेतली होती.

थॅडियस याच मैदानावर हर्डल ओलांडण्यास शिकला आणि त्या विद्येच्या बळावर देशभर जिंकला. पुढे व्यावसायिक अमेरिकी फुटबॉलने त्याला उचलले. दूरवरून फेकलेला लंबगोल चेंडू भरधाव धावत झेलायचा आणि त्याच क्षणी अंगावर कोसळणारे देह सोसायचे, हे तेथील त्याचे काम. काही हंगाम ते त्याने निष्ठेने केले. मग एका निर्णायक सामन्यात चेंडू हातातून निसटला आणि ‘हा नुसता पळणारा’ असे म्हणून संघाने त्याला निरोप दिला. तो हर्डलकडे परतला, तर ते दारही बंद झालेले. खेळून पैसे घेतलेल्यास, मग तो खेळ कोणताही असो, हौशी धावपटूंच्या महासंघात स्थान नव्हते. हा नियम मोठ्या शहरांतील मैदानांपुरता असावा, अशी आमच्या गावाची भाबडी समजूत होती.

महासंघाचे पंच मिस्टर हॅस्लेट यांनी ती दूर केली. थॅडियसबरोबर धावणारी शाळेची मुले लेनमध्ये उभी राहत असतानाच ते त्याच्यापाशी आले.

“तुला धावता येणार नाही, मॅब्री. आणि तुझ्याबरोबर जो धावेल, त्याचीही पात्रता जाईल.”

“माझ्याबरोबर धावला म्हणून?”

“नियम आहे तसा.”

नियमात यासाठी संसर्ग असा शब्द होता. आपल्या भाषेत विटाळ. काळ्यांसाठी ठेवलेल्या निराळ्या नळांचे पाणी प्यायलेल्या त्या बाकांवरील वृद्धांना तो कोणी उलगडून सांगावा लागला नाही.

थॅडियस मुलांकडे वळला. “जा रे, बाकांवर बसा. तुम्हाला अजून खूप पळायचंय. मी एकटा पळेन.”

“एकट्याची शर्यत होत नाही,” हॅस्लेट म्हणाले. “सोबत कुणी नसेल, तर शर्यत सुटायचं पिस्तूल वाजणार नाही.”

थॅडियसने पिशवी उचलली.

“ठेव ती खाली,” मिस ओफेलिया बसल्या जागेवरून म्हणाल्या. “मी रजा टाकून आलेय, ती तुझी पाठ बघायला नाही.”

तेवढ्यात बाकावरून सायलस न्हावी उठला. तारुण्यात तोही याच मैदानावर हर्डल धावला होता. बुटांच्या नाड्या आवळत तो थॅडियसच्या शेजारच्या लेनमध्ये येऊन उभा राहिला.

“माझी पात्रता या पोटाखाली कधीच गाडली गेली, साहेब. मला खुशाल बाटवा.”

“सायलस, तू नको,” थॅडियस म्हणाला. “गुडघे बघ तुझे.”

“तू तुझे हात बघ. गुडघ्यांचं मी बघतो.”

बाकांवर हशा पिकला. चर्चचे कारभारी डीकन बूकर यांनी कोट काढून मिस ओफेलियांच्या मांडीवर ठेवला आणि ते मैदानात उतरले. त्यांच्यामागून ट्रॅक्टर दुरुस्त करणारा अमोस आला, पोस्टमन वर्डेल आला. पाहता पाहता सगळ्या लेन भरल्या.

“डीकन, हर्डलवरून जायचंय. खालून नाही,” सायलस म्हणाला.

“तू सरळ उडी मार म्हणजे झालं. माझ्या लेनमध्ये कोसळलास, तर रविवारी तुझ्या नावाने प्रवचन करीन.”

हॅस्लेटनी वृद्ध कोच ग्रेडींपुढे हात पसरला. “ते पिस्तूल द्या.”

“शाळेचं आहे, साहेब. महासंघाने स्वतःचं आणावं.” आणि ग्रेडींनी चाप ओढला.

थॅडियसचे ते धावणे मी अद्यापि विसरलो नाही. खांदे समपातळीत, मस्तक स्थिर. हर्डल वाटेत आहेत ते जणू त्याच्या पावलांना ताल देण्यासाठीच. एकालाही त्याचा स्पर्श झाला नाही. मिस ओफेलिया उभ्या राहिल्या, त्या बसल्याच नाहीत. मागे अमोस हर्डल पाडत येत होता, वर्डेल वळसा घालून चालला होता आणि डीकन प्रत्येक हर्डलपाशी थांबून पाय उचलत होते.

शेवटची रेषा ओलांडून थॅडियस मागे वळला. सायलस अखेरच्या हर्डलवर चढाई करीत होता. पुढचा पाय पलीकडे गेला, मागचा अडकला आणि न्हावी तोंडघशी पडू लागला. थॅडियसने झेप घेऊन त्याला छातीशी धरले.

“हे झेललंस,” धापा टाकत सायलस म्हणाला. “संघाला कळव.”

हॅस्लेट जवळ आले. “निकाल लागणार नाही. आणि धावलेल्या सगळ्यांवर कायमची बंदी येईल.”

“तसं लिहून मिळेल का?” डीकननी घाम पुसत विचारले. “चर्चमध्ये लावीन म्हणतो.”

थॅडियस खाली वाकला आणि पडलेले हर्डल एकेक उचलून पुन्हा उभे करू लागला.

“आता कशाला?” हॅस्लेटनी विचारले.

“आईने एकदाच पाहिलंय,” तो म्हणाला. “सायलस, दम लागला असेल तर सांग.”

सायलस आधीच परत आरंभरेषेकडे चालू लागला होता.