झिवोचं मोठं रूप

"शिंगं चुकले तुमचे. त्याले शिंगं नसतात."

मार्तंडरावांच्या हातातला कोयता हातातच राहिला. अंगणात बांबूच्या कामट्यांचा आणि तणसाच्या पेंढ्यांचा पसारा पडला होता, मधोमध पुरुषभर उंचीचा सांगाडा उभा होता, त्यावर एक फोटो टोचलेला, आणि मागच्या दारात त्यांची मुलगी चिन्मयी उभी होती. केस विंचरलेले नाहीत, डोळ्यांखाली काळं, हातात मोबाईल. पण बोलली होती. स्वतःहून आणि थेट बापाशी.

उन्हाळ्यात इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाचा निकाल लागला, तेव्हा पोरगी परीक्षेलाच बसली नव्हती हे घरात कळलं. त्या दिवशी नेमके काका-काकू जेवायला आले होते. त्यांच्यादेखत मार्तंडरावांनी तिला जे ऐकवलं, त्यात 'घराण्याले डाग लावला' हे सगळ्यात सौम्य होतं. त्यांचा राग संध्याकाळपर्यंत उतरला. पोरीचं तोंड मात्र मिटलं ते मिटलंच. ती, तिची खोली आणि तिचा तो गेम. ताट आई आत नेऊन द्यायची. बापाला काही कळवायचं असलं तर तेही आईमार्फत, जेवढ्यास तेवढं.

"मंग काय असते त्याले?" मार्तंडरावांनी अगदी जपून विचारलं.

"कान. लांब, खाली पडलेले. हा फोटो कोणी दिला तुम्हाले? फालतू आहे." ती पुढे आली, सांगाड्याभोवती एक फेरी मारली आणि थबकली. "बडग्या होय का हा?"

"नाही वं," ते बोलून गेले. "गणपतीचा देखावा आहे. मंडळाचा."

खोटं बोलायची सवय नसलेला माणूस खोटं बोलायला लागला की गरजेपेक्षा जास्त बोलतो. मार्तंडरावांनी लायटिंगचं सांगितलं, मागच्या पडद्याचं सांगितलं, उंदराच्या शेजारी हा उभा राहणार म्हणूनही सांगून टाकलं. चिन्मयीनं सगळं ऐकून घेतलं. "बरं," म्हणाली आणि पायरीवर बसली.

अर्थात तो बडग्याच होता. नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, गावाची पीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीत, गल्लीगल्लीचे बडगे निघतात. ज्या गोष्टीनं लोकांना वर्षभर छळलं तिचा पुतळा करायचा, गळ्यात पाटी अडकवायची, वाजतगाजत न्यायचा आणि जाळून टाकायचा. मार्तंडराव एरवी हिंगण्याच्या एका कारखान्यात डिस्पॅचला कारकून. कंपनीच्या बसमध्ये खिडकीची जागा मिळाली तर दिवस चांगला गेला म्हणणारे. पण श्रावण सरत आला की महाल भागातल्या त्यांच्या गल्लीत याच माणसाला भाव यायचा, कारण त्यांच्यासारखा बडग्या कोणाला जमत नसे. यंदा मंडळाचा अध्यक्ष सुशील यानं ठरवलं, की पोट्ट्यांना वेड लावणाऱ्या मोबाईल गेमचा बडग्या करायचा. फोटोही त्यानंच पाठवला. तो आपल्याच घरातल्या गेमचा निघावा, हा मार्तंडरावांच्या नशिबाचा भाग. त्यांना तेव्हा ते ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक झालं तेव्हा त्यांनी थाप मारली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर चिन्मयी पायरीवर आधीच बसलेली. कागद चिकटवायला तिनं खळ शिजवून ठेवली होती.

मग रोजच ते सुरू झालं. बापानं कामट्या बांधायच्या, लेकीनं कागद लावायचा, आणि लावता लावता सांगायचं. त्या प्राण्याचं नाव झिवो. गेमचे आतापर्यंत चार भाग आले, आणि प्रत्येक भागात झिवो नवं रूप घ्यायला शिकला. आधी तो नुसता कणकेच्या गोळ्याएवढा, दोन डोळे आणि ते पडलेले कान. मग पाण्यात शिरला की परातीसारखा चपटा मासा व्हायचा, वाऱ्यात सापडला की शेपटीसकट पतंग. तिसऱ्या भागात तो दगड व्हायला शिकला.

"दगड होऊन काय करते?" मार्तंडरावांनी विचारलं.

"काहीच नाही. कोणाशी बोलायचं नसलं की होते. लोक त्याच्यावरून चालत जातात, त्याईले समजत बी नाही."

मार्तंडरावांनी सुतळीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली.

"अन् हे आपण बनवून राहिलो, हे रागाचं रूप न?"

"राग नाही बाबा. हे तो भेला की होते. सगळीकडून घेरला की अंगावर तोंडंच तोंडं फुटतात त्याले, अन् मोठा होते. मारत नाही कोणाले. नुसता उभा राहते. लोकच पळतात अन् म्हणतात, राक्षस आहे."

"मंग त्याले हरवाचं कसं?"

"हरवाचं नसतेच." चिन्मयी हसली. तिला हसताना बघून स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी असलेली तिची आई पुष्पलता भांडं घासायची थांबली. "हेच तं कोणाले समजत नाही. सगळे बटनं दाबत राहतात, अन् तो अजून मोठा होत जाते. काहीच नाही कराचं. मोबाईल खाली ठेवाचा अन् नुसतं त्याच्याजवळ बसाचं. मंग हळूहळू लहान होते तो."

त्या दिवसापासून पोरगी जेवायला बाहेर बसू लागली. भाजीत मीठ कमी आहे म्हणून कुरकुरली, तर आईबापांना तेसुद्धा गोड लागलं. पुष्पलतानं झिवोच्या अंगाला लावायला आपली जुनी राखाडी साडी काढून दिली. देताना मात्र नवऱ्याला बाजूला घेऊन म्हणाली, "अहो, तिले सांगून टाका आताच. उद्या बाहेरून कळलं तं पुन्हा दार लावून घेईन ते. अन् यावेळी उघडणार नाही."

"सांगतो न."

"कधी?"

"सांगतो म्हटलं न वं."

सांगण्याआधी त्यांनी सुशीलला गाठलं. म्हणाले, हा बडग्या राहू दे, मी दुसरा करून देतो, रस्त्यातल्या खड्ड्यांचा करतो.

"काय बोलून राहिले मार्तंडभाऊ!" सुशील हसला. "पोस्टर लागले गल्लीत. माह्या पोराले चष्मा लागला त्या गेमपायी. अन् तुम्ही तं काही बोलूच नका. तुमची पोरगी कालेज सोडून तेच करून राहिली न दिवसभर? तुमचाच बडग्या पाहून तिची पीडा जाईन."

आजूबाजूची चार माणसं हसली. 'पोरीचं नाव घेशील तर बघ' असं म्हणायला पाहिजे होतं. मार्तंडराव 'बरं बरं' म्हणून घरी आले. साऱ्या आयुष्यात वरच्या आवाजात ते एकदाच बोलले होते, तेही बायकोपोरीपुढे. घरी वाघ आणि बाहेर शेळी, अशी माणसं काही कमी नसतात. पण त्यांतल्या फार थोड्यांना ते स्वतःला कळतं, आणि मार्तंडरावांना त्या संध्याकाळी ते चांगलंच कळलं.

पोळ्याच्या दिवशी आता सांगायचंच असं ठरवून ते पानावर बसले. तर चिन्मयीच वाढायला आली. त्यांच्या पुरणपोळीवर तिनं तूप ओतलं, ते पोळीखालून ताटात येईपर्यंत ओतलं. "आज कान लावू त्याचे," म्हणाली. मार्तंडरावांनी तोंड उघडलं आणि त्यात घास घातला. जेवण झाल्यावर दोघांनी कान लावले, आणि झिवो पूर्ण झाला. खरंच देखणा झाला होता. एवढी तोंडं अंगभर, पण ते पडलेले कान लागल्यावर तो भ्यालेलाच दिसत होता.

मारबतीच्या सकाळी मार्तंडराव आंघोळीला गेले असताना सुशील पोरं आणि हातठेला घेऊन आला. ताशा दारापर्यंत आला होता. ते ओल्या अंगानंच बाहेर धावले. अंगणात झिवोच्या गळ्यात पाटी पडली होती, लाल अक्षरांत: 'मोबाईल गेमचा राक्षस. पोरांचे डोके खाणारा.' आणि मागच्या दारात उभी राहून चिन्मयी ती वाचत होती.

"बेटा, मी तुले सांगणारच होतो..."

"गणपतीच्या देखाव्यात तणस कोण भरते, बाबा?" तिचा आवाज चढला नव्हता. "मी नागपूरचीच आहे न. पहिल्याच दिवशी समजलं मले."

"मंग... मंग तू मदत काहून केली?"

"तुम्ही रोज येऊन बसत होते." ती म्हणाली. "अन् मी वाट पाहून राहिली होती, कधी सांगता म्हणून."

कोणी मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं. त्यांना पुष्कळ बोलायचं होतं, पण तोवर पोरांनी पुतळा आडवा केला, आणि एक हात लोंबायला लागला. "डावा हात कच्चा आहे त्याचा," चिन्मयी पोरांना म्हणाली, "खालून धरा." आणि आत गेली.

संपलं, असं मार्तंडरावांनी मनाशी म्हटलं. आता ते दार बंद होणार. पुष्पलता त्यांच्याकडे बघतही नव्हती. पण चिन्मयी पुन्हा बाहेर आली, तेव्हा तिनं केस बांधले होते आणि पायांत चप्पल होती.

"कुठं जाऊन राहिली वं?" आईनं विचारलं.

"त्याच्यासंगं."

उन्हाळ्यापासून तिनं गल्लीत पाऊल टाकलं नव्हतं. गल्लीतल्या बायका दारांत उभ्या राहून बघत होत्या, काही कुजबुजत होत्या. ती ठेल्याच्या बाजूनं, त्या डाव्या हाताजवळून चालत राहिली. मार्तंडराव मागून चालले. ढोल-ताशांत आणि 'घेऊन जा गे मारबत'च्या गजरात कोणाला कोणाचं ऐकू येत नव्हतं, ते एका परीनं बरंच होतं.

गल्लीच्या बडग्याला काडी लावायचा मान बनवणाऱ्याचा. सुशीलनं काडेपेटी पुढे केली. मार्तंडरावांनी ती घेतली आणि तशीच परत दिली.

"माह्यानं नाही होत."

"काय झालं बे मार्तंडभाऊले?" कोणीतरी ओरडलं. लोक हसले. "पोरीले भेते भाऊ!"

"हो. भेतो," मार्तंडराव म्हणाले. हे मात्र ते मोठ्यानं म्हणाले, आजूबाजूच्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं.

सुशीलनं स्वतःच काडी लावली. आधी पाटी पेटली, मग पुष्पलताची साडी. तणसानं भसकन जाळ धरला, तेव्हा लोक मागे सरले. चिन्मयी सरली नाही. ती रडलीही नाही. सांगाडा एका अंगावर कलंडून खाली बसला, तिथवर तिनं बघितलं. तिच्या जागी आपण असतो तर बापाकडे वळूनसुद्धा बघितलं नसतं, असं मार्तंडरावांना वाटलं.

"चुकलो वं बेटा मी," ते म्हणाले.

"हो," ती म्हणाली. इतकंच म्हणाली.

परतताना रस्त्यात पाय ठेवायला जागा नव्हती. तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल घेतलेली चिल्लीपिल्ली, त्यांच्या आया, पुढून येणारे आणखी बडगे. मार्तंडरावांनी सवयीनं हात मागे केला, ती लहान असताना गर्दीत करायचे तसा. हात बराच वेळ मागे रिकामाच राहिला. मग त्यांनी तो पुढे आणला आणि त्यानं लोकांना बाजूला करत वाट काढू लागले. तिच्यापुरती जागा होईल अशी. मागे येते आहे की नाही, हे विचारायचा त्यांना धीर होत नव्हता. ते थोडं चालायचे आणि वळून बघायचे. ती त्यांच्याकडे बघत नव्हती. पण दर वेळी ती मागे होती.