ताईचे वाचन आणि माझी घूं घूं

मित्रांनो, मी एक जुना पत्र्याचा डबा आहे. संगणकाचे सगळे अवयव माझ्या पोटात राहतात. कारखान्यात मला कॅबिनेट म्हणत. घरोघरी मात्र लोक मलाच सीपीयू म्हणतात. हे साफ चूक आहे, पण आता या वयात कोणाकोणाला समजावत बसू?

माझा जन्म पत्र्याच्या एका मोठ्या गुंडाळीतून झाला. यंत्राने मला कापले, वाकवले, भोके पाडली आणि वर करड्या रंगाचा हात दिला. त्या भोकांचा मला तेव्हा भारी राग आला होता. चांगल्या सपाट पत्र्याची चाळणी कशाला करायची? पुढे कळले की त्या माझ्या नाकपुड्या आहेत. समोरच्या भोकांतून गार हवा आत येते आणि मागचा छोटा पंखा गरम हवा बाहेर टाकतो. माझ्या पोटात प्रोसेसर नावाचा एक तापट भाडेकरू राहतो. त्याचे डोके थंड ठेवणे हेच माझे आयुष्यभराचे काम.

विम्याच्या एका कचेरीत मी टेबलाखाली बरीच वर्षे काढली. लोकांनी माझ्यावर पाय ठेवले, चहा सांडला, एकाने तर च्युइंगम चिकटवले. तरी "हा कधी बंद पडत नाही हो," असे तिथल्या बाई सर्वांना सांगत, तेव्हा माझी छाती फुगायची. मग नवे, चपटे संगणक आले आणि मी कपाटामागे धूळ खात पडलो. कचेरीने जुने सामान बाहेर काढले, तेव्हा आमच्या ताईने मला स्वस्तात विकत घेऊन घरी आणले.

ताई बस स्थानकावर घोषणा करायची. कोणती बस कुठे लागली आहे, कोणती उशिरा येणार आहे, हे ती सांगायची आणि माणसे तिच्या आवाजावर विसंबून धावायची. एक दिवस तिच्या जागी मशीन बसले. ताई घरी आली आणि तिचे बोलणेच आटले. विचारले तेवढ्याचे उत्तर द्यायची, बस.

तिच्या धाकट्या भावाला हे बघवत नव्हते. त्याला घरात छोट्या म्हणतात. दारातून येताना त्याला मान वाकवावी लागते, पण नाव पडले ते पडले. तो दुकानांच्या पाट्या बनवतो. दृष्टी नसलेल्या वाचकांसाठी पुस्तके ध्वनिमुद्रित करणाऱ्या एका ग्रंथालयाला वाचणारे हवे आहेत, अशी बातमी त्यानेच आणली. ताईने माइक जोडला, नमुन्यादाखल एक प्रकरण वाचून पाठवले आणि फोनची वाट पाहू लागली. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हलले होते!

फोन आला. ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या, "आवाज सुरेख आहे तुमचा. पण दोन वाक्यांच्या मधे थांबता ना, तिथे मागून घूं घूं येते. ऐकणाऱ्याचं सगळं लक्ष तिकडेच जातं. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत स्वच्छ करून पाठवा. नाहीतर पुस्तक दुसऱ्या कुणाला तरी द्यावं लागेल मला."

ती घूं घूं माझी होती. मला मेल्याहून मेल्यासारखे झाले.

"याला दुसऱ्या खोलीत ठेव ना," छोट्या म्हणाला.

"दुसरी खोली आहे कुठे? आणि स्वयंपाकघरापर्यंत वायर पोचत नाही."

छोट्याने माझ्याभोवती एक चक्कर मारली. त्याचे डोळे चमकले. "मग यालाच सुधारू. अगं, लोक काय काय करतात डब्याचं! बाजूला काच बसवायची, आत निळे दिवे सोडायचे..."

"मला नाच नाही करायचा त्याच्यासमोर. मला शांतता हवीय."

"बरं बाई, शांतता. तीही करू."

आता छोट्याच्या पाट्या उघड्यावर लागतात. पाटीच्या पोटात दिवे असतात आणि एका फटीतून पाणी शिरले की पाटी गेली. फट दिसली की बुजवायची, हे त्याच्या हाताचे वळणच आहे. त्याने माझ्या आतून जाड स्पंज चिकटवला. तेवढे ठीक होते. मग त्याने समोरची भोके बुजवली, खालची बुजवली, बाजूची जाळी बुजवली आणि वरून चिकटपट्टी फिरवली. काम इतके सफाईदार होते की मला ओरडावेसे वाटले. मागचा पंखा हवा बाहेर फेकायला होता, पण आत यायला तिला वाटच उरली नव्हती.

"एक फट सोडली असेल तर नाव बदलीन," छोट्या म्हणाला. त्याने मला सुरू केले. ताईने कान लावला. आवाज जवळजवळ नाहीच! ती हसली आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. कौतुकाचा.

गुरुवारी दुपारी वरच्या मजल्यावरची मुले शाळेत गेली आणि ताई वाचायला बसली. गोष्टीत एक म्हातारी दाराआड उभी असते आणि बाहेर कुणाची तरी पावले वाजत असतात. ताई एक वाक्य वाचे आणि थांबे. सगळी भीती त्या थांबण्यात होती. छोट्या कोपऱ्यात मांडी घालून बसला होता आणि श्वाससुद्धा बेताने घेत होता.

मी तर घेऊच शकत नव्हतो. आतली हवा कोंदली होती, कढत झाली होती. प्रोसेसर तापत चालला होता आणि पंख्याला म्हणत होता, जोरात फिर, जोरात! मित्रांनो, माझी अवस्था तुम्हीच समजून घ्या. मला बोलता येते ते फक्त पंख्याच्या तोंडून. मी ओरडलो तर ताईचे वाचन बुडणार. गप्प बसलो तर माझा भाडेकरू भाजणार. म्हातारीने दाराच्या कडीला हात घातला. ताई थांबली. आणि नेमका त्याच वेळी माझा पंखा घुरघुरला, मग किंचाळायलाच लागला.

ताईने माझ्याकडे पाहिले. ती नजर मी जन्मात विसरणार नाही. तरीही ती वाचत राहिली. आणखी दोन वाक्ये झाली असतील नसतील, तोच सगळे काळे झाले. मी बंद पडलो. वाचलेले सगळे गेले.

ताईने माइक बाजूला सारला. मग ताई म्हणाली, "राहू दे, छोट्या. मशीनना माझा आवाज नकोच आहे."

मला सांगायचे होते, असे नाही गं ताई! पण बंद पडलेला डबा काय सांगणार? तिने मला टेबलाखाली ढकलण्यासाठी हात लावला आणि चटकन मागे घेतला.

"अगं बाई! हा तर फणफणलाय!"

छोट्याने हात लावला, चिकटपट्टीकडे पाहिले, आणि स्वतःच्या कपाळावर हात मारून घेतला. "पाटीसारखा बंद केला मी याला. पाऊस लागू नये म्हणून करतो ना, तसा. याने श्वास कुठून घ्यायचा?"

शुक्रवारी सकाळी त्यांनी माझ्या नाकपुड्या मोकळ्या केल्या. पण तेवढ्याने भागणार नव्हते. छोटा पंखा जोरात फिरतो म्हणून आवाज करतो. मोठा पंखा सावकाश फिरून तेवढीच हवा खेचतो. तसा एक छोट्याने दुकानातून आणला, पण तो बसवायला माझ्या डोक्यावर मोठे गोल भोक पाडावे लागणार होते, आणि डोके मला एकच आहे.

छोट्याने करवतीचे मशीन उचलले.

"थांब!" ताई ओरडली. "आतलं सगळं आधी बाहेर काढ. पत्र्याचा एक कण जरी मदरबोर्डवर राहिला आणि वीज चालू झाली, तर संपलंच."

"ताई, संध्याकाळपर्यंत पाठवायचंय. वेळ कुठे आहे?"

"वेळ नाही म्हणूनच सांगतेय. पुन्हा चुकायला वेळ नाही."

मग त्यांनी माझे पोट रिकामे केले. एकेक स्क्रू वाटीत पडत होता. छोट्याने माझ्या डोक्यावर कागदी चिकटपट्टी लावली, पंखा ठेवून त्याची खूण केली, खाली मोजपट्टी घालून पुन्हा पाहिले. ताईने मला दोन्ही हातांनी घट्ट धरले. ड्रिलने आधी एक भोक पाडले, त्यात पाते घातले, आणि मी थरथरू लागलो. पत्र्याचा तो आवाज सहन होत नव्हता. अर्ध्यावर पाते उसळले आणि खुणेच्या बाहेर एक ओरखडा उठला. छोट्याने मशीन थांबवले.

"सावकाश," ताई म्हणाली. "मी धरलंय त्याला."

गोल तुकडा खाली पडला. छोट्याने कानशीने कडा घासून बोथट केल्या. ताईने चुंबक फिरवला, ओले फडके फिरवले, मग कोरडे, मग पुन्हा चुंबक. पंख्याखाली रबराचे तुकडे घालून तो बसवला, मागचा छोटा काढून टाकला आणि माझे बिऱ्हाड परत पोटात मांडले.

ताई वाचायला बसली. पुन्हा ती म्हातारी, पुन्हा ती पावले. मी गार हवा आत घेत होतो, हळूहळू वर सोडत होतो, आणि आत कोणी तापत तर नाही ना म्हणून सारखा दचकत होतो. म्हातारीने कडीला हात घातला. ताई थांबली. माझा पंखा आपल्या चालीने फिरत राहिला. ताईने दार उघडले, म्हणजे म्हातारीने उघडले, आणि प्रकरण संपले.

संध्याकाळी फोन वाजला.

"आता मधे काही नाही," ग्रंथालयाच्या बाई म्हणाल्या. "फक्त थांबता तेव्हा तुमचा श्वास ऐकू येतो."

ताईचा चेहरा उतरला. "तो काढते मी. पुन्हा वाचते."

"छे छे, काढू नका! तो आहे म्हणून तर कळतं की कुणीतरी आपल्याला वाचून दाखवतंय. पुस्तक पाठवते मी."

ताईने फोन ठेवला आणि ती एकदम बोलायलाच लागली. जेवताना बोलली, भांडी आवरताना बोलली. शेवटी छोट्या म्हणाला, "ताई, आता जरा गप्प बस." आणि दोघेही हसत सुटले.

मित्रांनो, तुम्हालाही एखादा जुना डबा सुधारावासा, नटवावासा वाटला, तर जरूर नटवा. काच बसवा, दिवे लावा, आमची काही हरकत नाही. पण पाते लावण्याआधी त्याचे पोट रिकामे करा आणि तो हवा कुठून घेतो ते नीट पाहा. घरातली एखादी वस्तू घरघर करू लागली, तर तिला धपाटे घालू नका. आधी तिच्यावर हात ठेवून पाहा.

ताईचे पुस्तक आता अर्ध्यावर आले आहे. ती वाचते तेव्हा मी तिच्या पायाशीच असतो. त्या वाचनात मी कुठेही ऐकू येत नाही, आणि त्याचा मला केवढा अभिमान वाटतो म्हणून सांगू!